पायीच्या वहाणा आणि उपकारस्तुती

आपल्या मराठीत कृतज्ञतेची परिसीमा सांगताना माणूस म्हणतो, ‘अंगाच्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले, तरी उपकार फिटायचे नाहीत.’ त्याच मराठीत ‘पायीची वहाण पायीच बरी’ अशीही एक म्हण आहे. ती बहुधा दुबळ्याला त्याची पायरी दाखवण्यासाठी वापरतात. एका पादत्राणावरून भाषेने ही दोन टोके गाठावीत, याचे मला पूर्वी केवळ नवल वाटे. आता त्यात स्वतःचेच तोंड दिसते.

गेल्या पावसाळ्यात ताथवड्यात, महामार्गालगतच्या सेवारस्त्याने आम्ही मिस्सेहून घरी परतत होतो. नवे बूट चिखलाने भरले म्हणून नातू कुरकुरत होता. रस्त्याकडेला एका इमारतीचे बांधकाम चालू होते आणि वाळूच्या ढिगापाशी मजुराचे एक मूल अनवाणी उभे होते. मी बोट दाखवून नातवाला म्हणालो, “बघ, त्याच्या पायात काहीच नाही. तुला बूट आहेत, देवाचे आभार मान.” नातू गप्प झाला. ते मूल मात्र माझ्या बोटाकडे पाहत होते.

असा उपदेश आपण सारेच करतो. त्यात वावगे काय, असे कोणी विचारील. पण घरी आल्यावर मला लूककृत शुभवर्तमानातील परुशी आठवला. मंदिरात उभा राहून तो जी प्रार्थना करतो तिचा आरंभ आभारप्रदर्शनानेच होतो. आपण इतरांसारखे, त्या जकातदारासारखे नाही, याबद्दल तो देवाचे उपकार मानतो. शब्दांपुरती ती निर्दोष उपकारस्तुती आहे. प्रभू येशूला मात्र ती मान्य झाली नाही. शेजाऱ्याची उणीव पायाखाली घेऊन आपण उंच झालो, तर त्या उंचीवरून केलेली स्तुती देवापर्यंत पोहोचते काय?

बायबलच्या काळी वहाण म्हणजे चामड्याचा एक तळवा आणि पायाला बांधायचे बंद. मसादाच्या किल्ल्यावरील उत्खननात अशा वहाणा सापडल्या आहेत. वस्तू साधी, पण तिचा अर्थ मोठा होता. युद्धकैदी अनवाणी नेले जात. अबशालोमापुढून पळताना दावीद राजा अनवाणी पायांनीच रडत जैतुनाचा डोंगर चढला. गुरूची सारी सेवा शिष्याने करावी, पण वहाणेचा बंद सोडू नये, ते दासाचे काम, असे यहूदी गुरुपरंपरेत म्हटले जाई. बाप्तिस्मा करणारा योहान त्या कामालाही स्वतःला अपात्र म्हणवतो, यातील नम्रता त्यामुळे नीट कळते. आणि उधळ्या पुत्राचा बाप! मुलगा मोलकरी म्हणून ठेवून घेण्याची विनंती पाठ करून आलेला. बाप ती पुरती ऐकूनही घेत नाही आणि त्याच्या पायांत जोडा घालण्याची आज्ञा करतो. तो चाकर नसून पुत्र आहे, हे साऱ्या घराला पायांवरून दिसावे म्हणून.

हीच वहाण आमोस संदेष्ट्याच्या तोंडी येते तेव्हा अंगावर काटा येतो. एका जोड्याच्या मोलाने गरिबाला विकणाऱ्यांवर तो तुटून पडतो. विशेष हे की, त्या लोकांची उपकारार्पणे गाजावाजाने चालू होती. आभार मानण्यात ते कोठेच उणे नव्हते.

याउलट दुसऱ्या इतिहास ग्रंथातील एक प्रसंग आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. आहाज राजाच्या काळी इस्राएलच्या सैन्याने यहूदातील आपलेच भाऊबंद कैद करून शोमरोनास आणले. ओदेद संदेष्ट्याने त्यांची कानउघाडणी केली आणि एफ्राइमचे काही प्रमुखही पुढे आले. त्यांनी लुटीतूनच उघड्यांना वस्त्रे नेसवली, पायांत वहाणा घातल्या, खाऊपिऊ घातले, तेल लावले, थकलेल्यांना गाढवांवर बसवून यरीहोपर्यंत पोहोचवले. त्यांच्या तोंडी आभाराचा एक शब्द नाही.

आपल्याकडे मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईस आला. त्यात आदिवासी स्त्रीपुरुष पुष्कळ होते. कितीकांच्या पायांची सालडी निघाली होती, कित्येक अनवाणी होते. मुंबईकरांनी त्यांच्यासाठी पाणी, खाणे आणि चपला आणल्या. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून ते लोक शेवटची मजल रात्रीच चालून आझाद मैदानावर पोहोचले होते. मग उपकार कोणी कोणावर केले? मला तरी हा हिशेब मांडता येत नाही.

त्या रविवारनंतर चार दिवसांनी मी नातवाला घेऊन चपलांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माप विचारले. ते आम्हाला कोठे ठाऊक होते! नातू म्हणाला, “आजोबा, त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ काढू या.” त्यासाठी चिखलात त्या मुलापुढे गुडघे टेकावे लागणार होते, आज्ञा गुरुवारी फादर टेकतात तसे. आम्ही कागद घेऊन बांधकामावर गेलो. वाळूचा ढीग तसाच होता. ते बिऱ्हाड आदल्या दिवशीच दुसऱ्या कामावर गेल्याचे पहारेकऱ्याने सांगितले. कोठे, ते त्याला माहीत नव्हते. त्याने मुलाचे नाव विचारले. तेही आम्हाला सांगता आले नाही.