पाचवे कारण

नागपुरात २०१२ साली एक शाळकरी मुलगा शाळेच्याच बसच्या चाकाखाली सापडून मरण पावला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कोणी अर्ज घेऊन दाराशी येण्याची वाट न पाहता, त्या मृत्यूची स्वतःहून दखल घेतली. अशा प्रसंगी सांत्वनास जमलेली मंडळी ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’ असे म्हणतात. शोकाने खचलेल्या आईबापांना त्या शब्दांचा आधार वाटत असेल तर तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वचिंतकाला नाही. परंतु ज्यांच्या हवाली ते मूल केलेले होते त्यांच्या मुखी तेच शब्द आले की ते सांत्वन राहत नाहीत, जबाबदारी टाळण्याची सबब होतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव तेथे नाकारलेले नाही, पण त्याचा उल्लेख चौघांच्या मागून येतो, आणि मला हा क्रम सहज पडलेला वाटत नाही. हा विचार कर्तेपणाचा अहंकार घालविण्यासाठी आलेला आहे, अपघाताच्या चौकशीसाठी नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. तथापि केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा जर अज्ञानी ठरतो, तर एकट्या चालकालाच कर्ता ठरवून, त्याला अटक होताच निश्चिंत होणारा समाज तरी ज्ञानी कसा म्हणावा?

बसच्या अगदी पुढून रस्ता ओलांडणारे पाच-सहा वर्षांचे मूल उंच आसनावरील चालकाच्या दृष्टीस पडतच नाही. म्हणून मुलांना हात धरून उतरविणारा आणि ती कडेला सुखरूप पोचेपर्यंत गाडी हलू न देणारा परिचर आवश्यक असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिल्लीच्या प्रकरणात शालेय बसच्या चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा असे फर्माविले, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी परिचराची तरतूद करून प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमण्यास सांगितले. साधने आणि क्रिया यांची व्यवस्था अशी कायद्याने लावून दिलेली असताना परिचरच नसलेली बस रस्त्यावर आली, तर तेथे दैवाचा हात शोधणे ही ईश्वराची विटंबना आहे.

आणि आपण पालक? सकाळी नागपूरच्या सदर किंवा धरमपेठेत उभे राहून पाहावे, म्हणजे बाहेर दप्तरे लटकलेल्या आणि आत मुले दाटीवाटीने कोंबलेल्या रिक्षा दिसतात. महिन्याचे भाडे थोडे कमी पडते म्हणून ती व्यवस्था आपणच पत्करलेली असते. गरिबाचा नाइलाज मी जाणतो, परंतु ज्यांचा नाइलाज नाही अशांचीही मुले त्याच रिक्षांत असतात.

परिवहन समितीत पालकांचाही प्रतिनिधी असतो. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात; त्यापूर्वी त्याच्याकडे समितीचे इतिवृत्त मागावे, शेवटची बैठक कधी भरली, आपल्या थांब्याचा विचार झाला की नाही, परिचर रजेवर गेल्यास बदली कोण, हे त्यात शोधावे, आणि उत्तर न सापडल्यास मुख्याध्यापकांना लेखी विचारावे; देवापुढे हात जोडण्याइतकेच हे कर्म मी धार्मिक मानतो.