लहरी माणसाचं बिल कोण भरतं?

मराठीत एखाद्याला ‘वल्ली’ म्हटलं, की त्याचे निम्मे गुन्हे जागच्या जागी माफ होतात. उधारी बुडवली, बोलावलं दुपारी आणि उगवला रात्री, लग्नाच्या पंगतीत व्याह्यांसमोर भलतंच बोलून गेला. यातल्या कशानंही चारचौघांचं डोकं फिरायला हवं. पण कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ द्या हो, वल्ली आहे तो!’ आणि डोकं फिरायच्या ऐवजी सगळे हसायला लागतात.

अशा माणसांसाठी आपल्या भाषेनं शब्दांच्या बाबतीत कंजुषी केलेली नाही. लहरी, छांदिष्ट, नादिष्ट, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, कलंदर, अवलिया. शेवटचे दोन शब्द तर थेट फकिरांच्या घरातून आलेले. म्हणजे उधारी बुडवणाऱ्याला आपण संतपदाच्या जवळपास नेऊन बसवतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’नं या जमातीला मराठीत कायमचा पत्ता मिळवून दिला. त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि आजही त्यातली माणसं आपल्याला आपल्या नातेवाइकांपेक्षा जास्त ओळखीची वाटतात.

यातली एक गंमत मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘वल्ली’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, पण पुलंच्या पुस्तकातल्या वल्ली जवळजवळ सगळे पुरुष आहेत. दोष पुलंचा नाही. त्यांनी समाजात जे दिसलं ते लिहिलं. आपल्या घरांतही तसंच असतं. काका महिनाभर न सांगता हिमालयात जाऊन आला तर तो कलंदर. आत्या दोन दिवस न सांगता मैत्रिणीकडे राहून आली तर घरात बैठक बसते. लहर तीच, पण एकाची आठवण होते आणि दुसरीचं प्रकरण होतं.

म्हणून मला लहरी माणसांविषयी एक सरळ, थोडा किराणा दुकानातला वाटेल असा प्रश्न विचारावासा वाटतो : बिल कोण भरतं?

मराठी साहित्यात चैनीवर आणि कलेवर वाद झाला तो वेगळ्याच प्रश्नावरून. ना. सी. फडके हे कादंबरीकार कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. १९३३ साली त्यांचा ‘गुजगोष्टी’ हा लघुनिबंधांचा संग्रह आला. रोजच्या जगण्यातली छोटी सुखं, सवयी, आवडीनिवडी, आणि हे सगळं मित्राच्या खांद्यावर हात टाकून सांगितल्यासारखं. लेखनाचंही तंत्र असतं आणि ते शिकता येतं यावर त्यांचा एवढा विश्वास, की ‘प्रतिभासाधन’ हे आख्खं पुस्तक त्यांनी त्यावर लिहिलं. साहित्यानं आनंद द्यावा, उपदेशाचं काम इतरांनी करावं, अशी त्यांची भूमिका. समोर होते शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं मास्तरकी केलेले वि. स. खांडेकर. त्यांना आनंद चालायचा, पण त्याच्या हातात समाजासाठी काहीतरी असावं लागायचं. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात दोन-तीन पिढ्या चहा प्यायल्या.

मला आजही फडक्यांची बाजू ऐकायला बरी वाटते. प्रत्येक सुखाला ‘तुझा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या माणसासोबत द्राक्षं खायलाही बसू नये. पण हा वाद ज्या प्रश्नावर उभा होता, त्यात एक माणूस कुणालाच दिसत नव्हतं. आनंद घेणारा दिसत होता, समाज दिसत होता. आनंद घेणाऱ्याच्या घरात चूल पेटवणारं माणूस मात्र दिसत नव्हतं. ते माणूस बघायचं असेल तर नाशिकला यावं लागतं. महाराष्ट्राच्या दोन फार मोठ्या नादिष्टांचं या जिल्ह्याशी नातं आहे, आणि दोघांच्या घरात बिल भरणारी बाई होती.

पहिले धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा त्यांनी पाहिला आणि डोक्यात भूत शिरलं. पडद्यावर आपले देव का नसावेत? मग दिवसरात्र सिनेमे पाहणं आणि प्रयोग करणं. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ साली लंडन गाठलं. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढतानाची फिल्म तयार केली. हे सगळं ऐकायला किती गोड आहे! पण घरात लहान मुलं असताना, नवऱ्यानं विम्याचे पैसे वाटाण्याच्या रोपामागे लावले आहेत, हे वाक्य एकदा बायकोच्या जागी उभं राहून म्हणून बघा.

सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले. एवढ्यावर त्यांचं काम संपलं नाही. परदेशातून आलेल्या कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडावी लागत, तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते त्या करायच्या. फिल्म धुण्याच्या कामात मदत करायच्या. कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. मुलगा भालचंद्र पडद्यावर रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सत्यासाठी बायको-मुलाला विकणाऱ्या राजाची ती गोष्ट. पडद्यामागे काय चाललं होतं ते माहीत असलं, की कथानकाची निवड जरा जास्तच चपखल वाटते. पुढे फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला, आणि १९४४ साली ते इथेच वारले तेव्हा हाती पैसा उरला नव्हता.

तरी फाळक्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या वेडात सरस्वतीबाई सामील होत्या. बेत त्यांना माहीत होता आणि कामात त्यांचे हात होते. १९१२ सालच्या बाईला ‘नाही’ म्हणण्याची मुभा खरंच कितपत होती, हा प्रश्न उरतोच. पण निदान तिच्याशी बोलणं झालेलं होतं.

दुसरे नादिष्ट नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी, बालकवींना मार्ग दाखवणारे, मनानं अत्यंत मोठे आणि घरात राहायला अत्यंत कठीण. नोकरी धरायची, सोडायची. राग आला तर घर डोक्यावर घ्यायचं. एखाद्या दिवशी काही न सांगता निघून जायचं. गरजू दिसला की हातात असेल ते देऊन मोकळं व्हायचं. १८९५ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. श्रद्धेचा तो प्रामाणिक निर्णय होता, त्याविषयी शंका नाही. पण तो घेताना पत्नी त्यात नव्हती. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. ज्या समाजात नवऱ्यानं धर्म सोडला की बायकोला जिवंतपणी विधवा समजायचे, त्या समाजात चार-पाच वर्षं. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या.

लक्ष्मीबाईंना लहरी माणसांची सवय माहेरापासूनच होती. नाशिकजवळच्या जलालपूरला गोदेकाठी त्यांचा जन्म झाला. वडील नाना गोखले यांना सोवळ्याचं वेड. बाजारातून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही, त्यातून मीठही सुटायचं नाही. मीठ धुतल्यावर मिठाचं काय होतं, हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळतं. पण नियम पुरुषानं करायचा आणि वाहून गेलेल्या मिठात भाजी बायकोनं चविष्ट करायची, अशी वाटणी होती.

ही सगळी माहिती आपल्याला कळली, कारण बिल भरणाऱ्या बाईनं एकदा ते सविस्तर लिहून काढलं. १९३४ पासून लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं प्रसिद्ध झाली. त्यांना शाळा नव्हती; अक्षरओळख लग्नानंतरची, तीही टिळकांनीच करून दिलेली. फडके ज्या काळात शैली कशी कमवावी ते शिकवत होते, त्याच काळात नाशिकच्या या म्हाताऱ्या बाईनं शैलीचा विचारही न करता मराठीतलं एक अव्वल गद्य लिहिलं. वाक्यं स्वयंपाकघरात बोलल्यासारखी. नवऱ्याला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणायचं, जणू शेजारचे गृहस्थ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, विनोद.

हा विनोद नीट पाहण्यासारखा आहे. पुलं वल्लीवर प्रेमानं हसतात, कारण त्यांना संध्याकाळी आपल्या घरी जायचं असतं. लक्ष्मीबाईंना वल्लीच्याच घरी जायचं असतं. तरीही त्यांच्या हसण्यात विष नाही, आणि माफीही नाही. टिळकांनी काय केलं, ते सांगताना त्या काही लपवत नाहीत. आपल्याला काय वाटलं, तेही लपवत नाहीत. तोल न सोडता, हसत, खरा हिशेब मांडणं, ही माझ्या मते शैलीची सर्वात अवघड परीक्षा आहे. छान शब्द निवडणं त्या मानानं सोपं. हिशेब लपवून हसवलं की ते खुशमस्करी होतं, आणि हसणं विसरून हिशेब मांडला की ती फिर्याद होते. लक्ष्मीबाई या दोन्हींच्या मधून चालतात, डोक्यावर घागर घेऊन चालावं तसं.

यावर एक जोरदार आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. प्रत्येक वेडाआधी घरात बिलाची चर्चा झाली असती, तर सिनेमा आला असता का? कविता आली असती का? जग चालतं ते हिशेबी माणसांमुळे, पण पुढे जातं ते बेहिशेबी माणसांमुळे. शहाण्या माणसानं आजवर एकही विम्याची पॉलिसी वाटाण्याच्या रोपावर लावलेली नाही.

मान्य. मला वेडं कमी करायची नाहीत. वेड करण्याची सोय सगळ्यांना हवी आहे. टिळक वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्याय घालून ते पूर्ण केलं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईनं महाकाव्याचे ६४ अध्याय लिहिणं, याहून मोठी लहर कोणती? पण त्यांना ती वैधव्यात, मुलं मोठी झाल्यावर मिळाली. टिळकांना ती विशीत मिळाली होती. म्हणून लहर ही केवळ स्वभावाची गोष्ट नाही. कुणीतरी आपल्यामागे भांडी घासत असलं, की स्वभाव लवकर फुलतो.

आज आपल्या फोनवर रोज एक तरी रील सांगतं, की नोकरी सोडा, पॅशनच्या मागे लागा, स्वतःसारखं जगा. जरूर जगा. पण त्या रीलमध्ये घराचा हप्ता कधी दिसत नाही. तीस सेकंदांत बाबा निवृत्ती पुढे ढकलताना दिसत नाहीत, बहीण आपला कोर्स एक वर्षानं लांबवताना दिसत नाही. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन प्यायला मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. मला त्यात काही पाप दिसत नाही. सूर्य मावळताना हातात ग्लास असणं ही संस्कृतीच आहे. मात्र नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी असते, एप्रिलच्या उन्हात आणि मग ऑक्टोबरच्या सुमारास, आणि पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर ती करतात, हे माहीत असल्यानं ग्लासातली चव बिघडत नाही. फार तर ‘हे मी कमावलेलं सुख आहे’ असं म्हणताना जीभ जरा अडखळते. तेवढं अडखळणं पुरे आहे.

चैनीची लाज बाळगण्याचं कारण नाही. कर्ज मात्र कबूल करायला हवं. लहर करण्याआधी विचारणं, निदान सांगणं. नंतर नाव घेणं. आणि पुढची पाळी दुसऱ्याची आहे हे लक्षात ठेवणं, म्हणजे आत्यालाही एकदा हिमालय दिसेल. यातल्या कुठल्याच गोष्टीला पैसे लागत नाहीत, तरी आपण त्या करत नाही, हे विशेष.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. नाशिकला आलात तर तिथे जाच. आणि तिथे उभं राहून कधीतरी सोबतच्या माणसाला विचारून बघा, की अंधारात बसून त्या फिल्मला भोकं कोण पाडत होतं.