निर्वासित मंत्री आणि लायकीचा प्रश्न

४ नोव्हेंबर २०१५ रोजी ओटावात जस्टिन ट्रुडो यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. पंतप्रधानांखेरीज पंधरा पुरुष आणि पंधरा स्त्रिया. समान संख्या कशासाठी, असे पत्रकारांनी विचारल्यावर ट्रुडो म्हणाले, ‘कारण हे २०१५ साल आहे.’ त्या पंधराजणींत तीस वर्षांच्या मरियम मॉन्सेफ होत्या. अफगाण कुटुंबातली ही मुलगी १९९६ साली विधवा आई आणि दोन बहिणींबरोबर निर्वासित म्हणून कॅनडात आली. ती पीटरबरो या लहान शहरात वाढली, २०१४ साली तिथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत दुसरी आली आणि पुढच्याच वर्षी खासदार झाली. आता लोकशाही संस्थांचे खाते तिच्याकडे आले. कौतुकाबरोबर कुजबुजही सुरू झाली: ही नेमणूक लायकीवर झाली, की स्त्री, मुस्लिम आणि निर्वासित ही तिन्ही गणिते एका नावात जुळली म्हणून? आरक्षणाच्या वादात हा सूर आपण इतक्यांदा ऐकला आहे की तो लगेच ओळखू येतो.

तीनशे वर्षांपूर्वी या शंकेचे रूप वेगळे होते. इंग्लंडच्या १७०१ च्या वारसा कायद्यात एक कलम होते. परदेशात परक्या आईबापांपोटी जन्मलेल्या माणसाला नागरिकत्व मिळाले तरी तो संसदेत किंवा प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळात बसू शकणार नाही, मुलकी वा लष्करी अधिकारपदही भूषवू शकणार नाही. रोख होता तिसऱ्या विल्यम राजाने हॉलंडहून आणलेल्या मर्जीतल्या सरदारांवर. पण फ्रान्समधला धार्मिक छळ चुकवून आलेले, लंडनमध्ये रेशीम विणून पोट भरणारे ह्यूगेनॉही त्याच कलमात सापडले. तेव्हा कुणी लायकी विचारत नव्हते. परक्या मातीत जन्मलेल्याची निष्ठा कुठे असणार, एवढीच भीती होती. १८७० च्या कायद्याने ही आडकाठी काढली, भीती मात्र राहिली. पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले एडगर स्पायर आणि जर्मनीत जन्मलेले अर्नेस्ट कॅसल या जर्मन वंशाच्या प्रिव्ही कौन्सिलरांच्या सदस्यत्वाला कोर्टात आव्हान दिले गेले. कोर्टाने ते मान्य केले नाही.

हिटलर आणि मग स्टॅलिन यांनी युरोपातून पळवून लावलेल्या माणसांमुळे हा विचार बदलला. मॅडलिन ऑलब्राइट दोनदा निर्वासित झाल्या. १९३९ साली नाझींमुळे त्यांच्या कुटुंबाने प्राग सोडले आणि १९४८ साली कम्युनिस्टांमुळे पुन्हा देश सोडला. वडील योसेफ कोर्बेल मुत्सद्दी होते. अमेरिकेत ते डेन्व्हरला प्राध्यापक झाले. जानेवारी १९९७ मध्ये सिनेटने ऑलब्राइट यांच्या नेमणुकीला ९९ विरुद्ध ० मतांनी मान्यता दिली आणि त्या अमेरिकेच्या पहिल्या स्त्री परराष्ट्रमंत्री झाल्या. निष्ठेची शंका इथे मिटलेली दिसते. पण तिच्या जागी एक अट लोकांच्या मनात मुरली: निर्वासिताला पद द्यायला हरकत नाही, मात्र तो असामान्य हवा. इथल्या माणसाला साधारण असणे चालते, बाहेरून आलेल्याला चालत नाही. लायकीची आजची चर्चा मला या अटीचाच पुढचा अवतार वाटते.

कारण मंत्रिपदे निव्वळ लायकीवर वाटली गेली, असा काळ कॅनडात तरी नव्हता. १८६७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात तेरा जागा होत्या: ऑन्टारिओला पाच, क्वेबेकला चार, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक यांना दोन-दोन. त्यात आयरिश कॅथलिकांनाही जागा हवी होती. डार्सी मगी हे त्यांचे सर्वांत मोठे नेते, अव्वल वक्ते. १८४८ चा उठाव फसल्यावर पाद्र्याच्या वेषात आयर्लंडमधून निसटलेले. म्हणजे एका अर्थाने तेही निर्वासितच. त्यांना घ्यावे तर प्रांतांचा हिशेब चुकत होता. शेवटी मगी आणि नोव्हा स्कोशियाचे चार्ल्स टपर दोघेही बाजूला झाले आणि एडवर्ड केनी आत आले. केनी नोव्हा स्कोशियाचे, आयरिश आणि कॅथलिक, त्यामुळे सगळी गणिते एकदम जुळली. विदर्भाला किती, मराठवाड्याला किती, कोणत्या गटाला काय, हे दर शपथविधीला मोजणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. त्या मोजणीला आपण ‘समतोल’ म्हणतो. मोजणीत निर्वासित आला की मात्र लायकी आठवते.

म्हणून नेमणुकीच्या दिवशी लायकीचा निवाडा करू नये, तो कामावर करावा, असे माझे मत आहे. मॉन्सेफ यांचे काम डोळ्यांसमोर आहे. निवडणूक पद्धत बदलण्याचे आश्वासन ट्रुडोंचे होते, ते पार पाडण्याचे ओझे सर्वांत तरुण मंत्र्यावर टाकले गेले. १ डिसेंबर २०१६ रोजी सर्वपक्षीय समितीचा अहवाल आला. मते आणि जागा यांतली तफावत मोजणाऱ्या गॅलाघर निर्देशांकाचे सूत्र लिहिलेला कागद मॉन्सेफ यांनी सभागृहात उंच धरून दाखवला आणि समितीने अवघड काम टाळले, असे सुनावले. दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. ही चूक त्यांची, निर्वासितपणाची नव्हे. जानेवारीत त्यांचे खाते बदलले, आणि फेब्रुवारीत सरकारने ते आश्वासनच सोडून दिले. पुढे २०२१ साली तालिबानला उद्देशून त्यांनी ‘बंधू’ हा शब्द वापरला, टीका झाली, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्या हरल्या. कोणत्याही मंत्र्याला मिळावी तशीच ही वागणूक.

१० जानेवारी २०१७ च्या त्याच खातेबदलात अहमद हुसेन इमिग्रेशन मंत्री झाले. मोगादिशूत जन्मलेले हुसेन १९९३ साली किशोरवयात कॅनडात आले, टोरंटोच्या रीजंट पार्क वस्तीत संघटनेचे काम करत वकील झाले. त्यांना पद मिळून तीन आठवडे व्हायच्या आत ट्रम्प यांनी सात देशांच्या नागरिकांना अमेरिकाबंदी केली. त्या यादीत सोमालियाही होता. बंदीमुळे कॅनडात अडकलेल्यांना तात्पुरते राहू देऊ, हे २९ जानेवारीला हुसेन यांनीच जाहीर केले. तेव्हा त्यांची लायकी विचारण्याची गरज कुणाला वाटली असेल, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे फाळणीनंतर घटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक मानले, आणि नागरिक म्हणजे मतदार. आता पाकिस्तानात असलेल्या गाह गावात जन्मलेले मनमोहन सिंग पंतप्रधान झाले. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण निर्वासित म्हणून पद मिळाले असे कुणी म्हटले नाही. सिंधमधून मुंबईच्या निर्वासित छावणीत आलेले राम जेठमलानी १९७७ साली याच शहरातून लोकसभेवर गेले आणि पुढे कायदामंत्री झाले. हे औदार्य पुढच्यांच्या वाट्याला आले नाही. १९८३ नंतर आलेल्या श्रीलंकन तमिळांची पुढची पिढी तमिळनाडूच्या छावण्यांत जन्मली आणि तिथल्याच शाळांत शिकली. तिच्यातल्या बहुतेकांना आज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही मत देता येत नाही. त्यांना नागरिकत्व द्यायला हवे. लायकी त्यानंतर तपासू.