तीच जीप?

आसास रथ म्हणावे की चाकास, असे नागसेनाने मिलिंद राजास विचारले होते. ब्लॉकला तडा गेल्यावर जबलपूरच्या मिस्त्रीने माझ्या जुन्या ‘सीजे-३बी’ जीपमध्ये डिझेल इंजिन बसविले, तेव्हा तो प्रश्न माझ्या अंगणात आला. परिवहन कार्यालयाने नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक बदलला. चासीचा तोच, म्हणून गाडीही तीच. कायद्याचे बरे असते! पण १९५३ साली विलिसने या जीपचे बॉनेट उंचावले, ते उंच हरिकेन इंजिन आत मावावे म्हणूनच. ज्याच्यासाठी छप्पर उचलले तोच गेला. दृष्टी गेलेले माझे वडील इंजिनाच्या आवाजावरून माझे येणे ओळखीत. परवा फाटकाशी येऊन त्यांनी विचारले, “कोण आहे?”

“मीच, नाना,” म्हणालो. “आपलीच जीप,” हे मात्र जिभेवर अडले.