यंत्राला पोळा नसतो

माणूस एखाद्या वस्तूचा मालक नेमका केव्हा होतो? पैसे मोजून पावती हाती घेतो तेव्हा, की ती वस्तू नीट राखू लागतो तेव्हा? प्रश्न जुनाच आहे. परंतु अलीकडे तो फार साध्या ठिकाणी उभा राहिला आहे, आणि ते ठिकाण म्हणजे गवत कापण्याचे यंत्र.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. केवळ डोळ्यांना सुख म्हणून गवत वाढवावे आणि मग ते कापत बसावे, ही येथील रीत नव्हे. धुऱ्यावरचे गवत विळ्याने कापायचे, भारा बांधायचा आणि गोठ्यात नेऊन टाकायचा, एवढाच गवताचा व माणसाचा संबंध. आता मात्र खांद्याला अडकवून चालवायचे पेट्रोलवरील ‘ग्रास कटर’ शाळेच्या मैदानात, दवाखान्याच्या आवारात आणि बांधीच्या धुऱ्यावरही घरघरताना ऐकू येते. याच कुळातील थोरले यंत्र म्हणजे बसून चालवण्याचे ‘झीरो टर्न’. त्याचे खरे राज्य अमेरिकेत आहे. तेथील अनेक नगरांत अंगणातील गवत ठरावीक उंचीच्या वर वाढू दिले तर दंड होतो. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांना शनिवारच्या सकाळची ती घरघर परिचयाची असेल.

या यंत्राचा इतिहास मोठा रंजक आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग नावाचा एक यंत्रज्ञ होता. लोकरीच्या गिरणीत कापडावरचे तंतू सारख्या उंचीवर कातरणारे यंत्र पाहून त्याला वाटले, गवतही असेच कातरता येईल. १८३० मध्ये त्याने आपल्या शोधाचे पेटंट घेतले. तोपर्यंत श्रीमंतांच्या बागा कोयतेवाले मजूर किंवा चरणाऱ्या मेंढ्या राखीत असत. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हेस्टन येथे जॉन रेजिअर यांनी जागच्या जागी वळणारे यंत्र घडवले. त्याला वाहनासारखे सुकाणू नसते. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र गती मिळते व ती दोन दांड्यांनी सांभाळायची. एक दांडा पुढे व दुसरा मागे केला की यंत्र स्वतःभोवती फिरते. पुढची लहान चाके नुसती मागोमाग जातात.

आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. खळ्यात धान चुरताना मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि कडेचा बैल मोठे वर्तुळ चालतो. नांगर वळवतानाही एका बैलाला थोपवून दुसऱ्याला पुढे हाकावे लागते. एका बाजूला संयम आणि दुसऱ्या बाजूला वेग, यांच्या मेळातून वळण साधते. फरक एवढाच की बैल हा जीव आहे; थकला तर बसतो, दुखले तर पाय उचलीत नाही. यंत्र मात्र मोडेपर्यंत मुकाट्याने चालते.

या फरकातच आपला नैतिक प्रश्न दडलेला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला हळद-तूप लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामातून मोकळे करून पुरणपोळी खाऊ घालतात. काम करणाऱ्याचे ऋण मान्य करण्याची ही किती सुंदर रीत! पवित्र शास्त्रातील अनुवाद ग्रंथही मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये अशी आज्ञा देतो. यंत्राला पोळा नसतो. ते कण्हत नाही, डोळ्यांत पाणी आणीत नाही. म्हणून त्याची निगा राखण्याचे स्मरण त्याच्याकडून होत नाही; ते आपले आपणच ठेवावे लागते. जी वस्तू तक्रार करीत नाही तिच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या मालकीची प्रत कळते.

निगा म्हणजे तरी काय? ती अगदी किरकोळ कामांची माळ आहे. काम झाल्यावर पात्यांवरच्या लोखंडी छत्रीच्या आतले ओले गवत खरवडून काढायचे, नाहीतर ते कुजून लोखंड खाते. हवेची गाळणी झटकायची, ठरल्या तासांनी इंजिनाचे तेल बदलायचे, सांध्यांना ग्रीस द्यायचे, पट्ट्याला तडा गेला आहे का ते पाहायचे. पाते वेळच्या वेळी धारेला लावायचे आणि त्याची दोन्ही टोके समतोल आहेत याची खात्री करायची. बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते. आणि फाटलेले पाते दोन दिवसांत शेंड्याशी तपकिरी होते. म्हणजे निष्काळजीपणाची पहिली शिक्षा यंत्राला नव्हे, गवताला होते. आपल्या संसारातही असेच घडत नाही का? आपल्या आळसाची किंमत बहुधा दुसराच कोणी मोजतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ३१ व्या अध्यायात मठाच्या भांडाऱ्याला बजावले आहे की, मठातील सर्व भांडी व साहित्य त्याने वेदीवरील पवित्र पात्रांइतक्याच आदराने पाहावे. पुढच्याच अध्यायात अवजारे कोणाला दिली व कोणाकडून परत आली याची नोंद ठेवण्यास सांगितले आहे. आदर आणि नोंदवही ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. नोंदीवाचून आदर हा नुसता भाव राहतो, आणि आदरावाचून नोंद हा नुसता संशय होतो.

येथे कोणी म्हणेल, “फादर, यंत्र मी राखतो, मग ते माझेच. शेजाऱ्याला का द्यावे? उसने दिलेले यंत्र धड परत येत नाही.” आक्षेप खरा आहे, त्याला उपदेशाने उडवून लावता येणार नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न हाताळला. त्यांनी मालकीचे दोन भाग केले. वस्तू मिळवणे व सांभाळणे या बाबतीत खाजगी मालकी योग्य आहे, कारण सर्वांच्या वस्तूपेक्षा स्वतःच्या वस्तूची काळजी माणूस अधिक घेतो, आणि कोणते काम कोणाचे हे स्पष्ट राहते. मात्र उपयोगाच्या बाबतीत माणसाने ती केवळ आपली समजू नये; गरजवंताला ती सहज देता यावी. सांभाळ एकाचा, उपयोग अनेकांचा. या दोहोंपैकी एक जरी सुटला तरी मालकी लंगडी होते.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात डोळ्यांसमोर आहे. भंडाऱ्यातील तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराच्या ताब्यात असे, पण पाण्यावर गावाचे वहिवाटीचे हक्क असत. त्या व्यवस्थेत जुलूमही होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव शासनाकडे गेले. आज आपण त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ म्हणतो. हक्क राहिले, मालक बदलला. परंतु दरवर्षी पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, याचे उत्तर अनेक गावांत हरवले. अनेक तलाव गाळाने उथळ झाले. जे सर्वांचे असते त्याला राखणारा नेमला नाही तर ते कोणाचेच राहत नाही. गावाच्या अवजार बँकेतील यंत्राचेही तेच होते. म्हणून यंत्र सामायिक घ्यावे, पण त्याच्या ग्रीसची पिचकारी एका ठरावीक माणसाच्या हाती असावी आणि त्या माणसाला त्याच्या श्रमाचा मोबदलाही मिळावा. शेजाऱ्याला नुसते यंत्र देण्यापेक्षा चालवणाऱ्यासह द्यावे. त्यात अविश्वास नाही. आलेल्या अडचणीवरचा तो शहाणपणाचा मार्ग आहे.

आता सुधारणेविषयी. मालकाला आपल्या यंत्रात काही ना काही बदल करण्याची हौस असतेच, आणि ती वाईट नाही. बडिंगची हौस नसती तर हे यंत्रच जन्मले नसते. परंतु सुधारणा कशाला म्हणावे? झीरो टर्नच्या बैठकीखाली एक खटका असतो. पाती फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद पडते. काही जणांना ही अडचण वाटते आणि ते तारा जोडून खटका निकामी करतात. ग्रास कटरचे संरक्षक कवच काढून टाकणारेही दिसतात, कारण त्यामुळे काम थोडे झपाट्याने होते. मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्या शेतमजुरांचे दुःख पाहून आपल्या देशाला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांविषयी कायदा करावा लागला. कवच काढण्याचा निर्णय मालकाचा असतो; बोटे मात्र बहुधा मजुराची जातात. ज्या बदलाचा लाभ एकाला आणि धोका दुसऱ्याला, त्याला सुधारणा म्हणणे हा भाषेवरचाही अन्याय आहे. उलट चालवणाऱ्याला चष्मा, कानांना टोप्या आणि भक्कम बूट देणे ही खरी सुधारणा. यंत्रात काहीही न बदलता ती होते.

यंत्राच्या मर्यादा ओळखणे हाही सुधारणेचाच भाग आहे. झीरो टर्न सपाट जमिनीचे यंत्र आहे. उतारावर मागची चाके घसरली की त्याला दिशा उरत नाही. तलावाच्या पाळीवर ते नेणे म्हणजे संकटाला आमंत्रण. सपाटीवरही एक चाक रोवून गर्रकन वळवले तर त्या जागीचे गवत मुळासकट उपटून येते. नावात शून्य असले तरी जमिनीला ते वळण शून्य नसते. म्हणून जाणता चालक थोडे मागेपुढे घेत, दोन्ही चाके हलती ठेवून वळतो. सामर्थ्य अंगी आहे म्हणून ते प्रत्येक वेळी पूर्ण वापरलेच पाहिजे असे नाही.

शेवटी गवताचाही हिशेब मांडला पाहिजे. यंत्र गवताचा बारीक चुरा करून तेथेच पसरते. जमिनीला तो खत म्हणून उपयोगी पडतो, हे खरे. पण ज्या आवारातून पूर्वी एखादी बाई शेळ्यांसाठी भारा नेत असे, तिच्या दारी काय जाते? हार्वेस्टरने धान लवकर निघते आणि तणस बांधीत विखुरते. ज्यांची जनावरे त्या तणसावर जगतात त्यांना विचारून आपण ते यंत्र आणलेले नसते. यंत्र आणू नये, असे माझे म्हणणे नाही. कष्टाने वाकलेली कंबर सरळ होत असेल तर यंत्राचे स्वागतच करावे. परंतु आवाराचा एक कोपरा विळ्यासाठी राखता येतो, आणि कापलेला चारा गोळा करून देताही येतो. त्याला पैसे लागत नाहीत, आठवण लागते.

उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वर मानवाला बागेत ठेवतो तो दोन कामांसाठी: तिची मशागत करावी आणि ती राखावी. बाग विकत घेण्याचा तेथे उल्लेख नाही. म्हणून घरात, शाळेत किंवा धर्मग्रामात नवे यंत्र आणताना किमतीबरोबर तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. ते राखणार कोण, ते वापरायला आणखी कोणाला मिळणार, आणि ते आल्यामुळे कोणाच्या हातचे काम किंवा चारा जाणार. तीनही ओळी प्रामाणिकपणे भरता आल्या तर खुशाल यंत्र आणावे. एखादी कोरी राहिली तर पैसे तयार असले तरी थोडे थांबावे, आणि ती ओळ आधी भरावी.