पडकंच तर आहे!

हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथापाशी एका कुटुंबाने केक कापून, चमकीचे पॉपर फोडून वडिलांची साठी साजरी केली, तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर दोन-तीन ग्रुपांतून आला असेल, तेव्हा जास्त वर्णन करत बसत नाही. साठी साजरी करण्याला माझा विरोध नाही. एकसारखे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या कुटुंबांना आहे, पण तो माझा जुना आजार. मेणबत्त्या फुंकण्याबद्दल तर मी दर वर्षी कुरकुरतो आणि घरचेही ऐकत नाहीत. उग्ररथ शांत घरी करायची सोडून लोक दगडी रथापाशी गेले, इथवरही ठीक.

चीड आली ती त्या वडिलांच्या चिरंजीवांनी नंतर केलेल्या खुलाशाची. म्हणे, "तसंही सगळं पडकंच तर आहे. आम्ही त्यात काय बिघडवलं?"

या युक्तिवादाला दाद दिली पाहिजे. म्हणजे 1565 साली तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर लुटलं, जाळलं गेलं, ते मुख्य काम. उरलंसुरलं हात लावून, चढून, चमकी उडवून संपवायचं एवढंच आता पर्यटकांकडे राहिलंय. विटा-चुन्याची शिखरं ढासळली, लाकडी महाल जळाले. त्यातून जो दगड वाचला, तो साडेचारशे वर्षं ऊनपाऊस खात उभा आहे. तो कशासाठी उभा राहिला असेल? यांच्या केकला टेकू हवा म्हणून!

हाच न्याय उत्सवमूर्तींना लावून पाहू. साठीला गुडघे झिजलेले, दोन दाढा गेलेल्या, शिखर तर केव्हाच बोडकं. पडकंच तर आहे! मग कुणीही यावं, खांद्यावर चढून फोटो काढावा, कानाशी पॉपर फोडावा आणि वर विचारावं, "काय बिघडलं?" चालेल चिरंजीवांना? उलट तेच वडिलांना जिन्यावर हात देतात, बसायला आधी खुर्ची सरकवतात. झिजलेलं जास्त जपायचं असतं, हे घरात न शिकवता कळतं. चाळीस रुपयांचं तिकीट काढलं की विसरायला होतं.

2019 मध्ये चार तरुणांनी हंपीतला एक खांब ढकलून पाडला, तोही व्हिडिओ आपण असाच पाहिला होता. त्यांनाही तो पडकाच वाटला असणार. होसपेटच्या न्यायालयाने प्रत्येकी 70,000 रुपये दंड केला आणि खांब पुन्हा उभा करायला लावला. पाडायला धक्का पुरतो आणि उभं करायला घाम लागतो, हे त्यांना समजलं असावं. दगडी रथावर लोक चढू नयेत म्हणून त्याभोवती अडथळे घालावे लागले. पन्नासच्या नोटेवर हाच रथ आहे. नोट चुरगळली तर आपण हळहळतो.

"साठी एकदाच येते", "सगळेच करतात", "कचरा उचलला होता" हेही खुलाशात होतं. दगडांच्या सांध्यांत गेलेली चमकी कोणत्या चिमट्याने उचलली, ते विचारत नाही.

मराठी माणसाने तर तिथे जरा जपून वागावं. पंढरीचा विठ्ठल भानुदासांनी हंपीहून परत आणला, अशी आपली श्रद्धा. त्याच विठ्ठलाच्या देवळाच्या आवारात आपण स्पीकर लावून बेसूर "हॅपी बर्थडे" म्हणतो. खांबांतून सूर निघतात म्हणे, पण ते काही याला साथ देणार नाहीत.

उत्सवाचं हंपीला वावडं कधीच नव्हतं. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस याने कृष्णदेवरायाच्या काळातला नऊ दिवसांचा महानवमीचा सोहळा पाहून लिहून ठेवला आहे: कुस्त्या, नाच, आतषबाजी. विठ्ठल मंदिराजवळ दोन दगडी खांबांवर आडवी तुळई आहे. तिथे राजाची तुला व्हायची आणि सोनं-रत्नं दान केली जायची, असं सांगतात. फरक एवढाच, की तेव्हा सोहळा करणारा काही देऊन जायचा. आता तो जागा वापरून जातो आणि वर लाइक मोजतो. समारंभाला परवानगी लागते, स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वगैरे कायदा आहेच. पण कायदा आठवावा लागला, तिथेच संस्कार संपले.

असो. टी-शर्ट काही माझ्या लिहिण्याने बंद होणार नाहीत. साठीला हंपीला जरूर जा. गुडघे परवानगी देत असतील तर पहाटे मातंग टेकडी चढा. गाइडशी घासाघीस करू नका. आणि परत आल्यावर गावातल्या शाळेसाठी वह्यांची तुला करा. एवढा केक खाल्ल्यावर पारड्यात बसायची लाज वाटेल खरी, पण शाळेला दोन वह्या जास्त मिळतील.