नोकरी कोणाच्या सहीने जाते?

एप्रिल 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेला संप सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास माणसं कामावर गेली नाहीत. कारण वरवर पाहता तांत्रिक होतं. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, अशी मालकांची योजना होती. पण हिशेब गिरणगावातल्या पोराटोरांनाही कळत होता. सहा मागांवर आज तीन माणसं आहेत, उद्या दोनच लागतील, मग तिसऱ्याने कुठे जायचं? मवाळ कामगार नेते ना. म. जोशी आणि कम्युनिस्ट श्री. अ. डांगे यांचे रस्ते वेगळे होते, तरी संयुक्त संप समितीत दोघं एकत्र बसले. समितीच्या मागण्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पगाराची नव्हे. कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलल्याशिवाय कामाच्या अटी परस्पर बदलू नका, ही ती मागणी. कपात न्याय्य आहे की नाही हे ठरवण्याचा खरा निकष तिथे सापडला होता, असं मला वाटतं. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांत तो आपल्या हातून निसटत गेला.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कायद्याने हाती घेतला, तोही कापडगिरण्यांमुळेच. 1953 मध्ये गिरण्यांत न विकलेला माल साचला, पाळ्या बंद होण्याची भीती निर्माण झाली, आणि सरकारने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. एक महिन्याची नोटीस, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शेवटी आलेला आधी जाईल, हा क्रमही कायद्यात आला. पंधरा दिवस ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. माणसाने दिलेलं श्रम महिन्याच्या पगारात पूर्ण फिटत नाही. वर्षागणिक त्या जागेवर त्याचा काही हक्क साठत जातो, आणि त्याला काढायचं तर त्या हक्काची भरपाई करावी लागते. ही दया नव्हे, हे देणं आहे, असं कायद्यानेच मान्य केलं. पण देण्याला आकडा लागला की ते चुकवूनही टाकता येतं. पैसे मोजले, विषय संपला.

1976 मध्ये, आणीबाणीत, दोन गोष्टी घडल्या. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम 43 अ आलं आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा हे तत्त्व राज्यघटनेत गेलं. पहिल्या गोष्टीवर वर्षानुवर्षं वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पुढे तीनशेची मर्यादा शंभरवर आली. दुसरीकडे कोणी फारसं वळून पाहिलं नाही. कामगाराच्या वतीने मंत्रालयातला अधिकारी ठरवणार, खुद्द कामगार नाही.

त्या परवानगीने मुंबईत किती माणसं वाचली? 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले लाखाहून अधिक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. अनेक गिरण्या पुढे आजारी म्हणून रेंगाळत राहिल्या आणि देण्यांसाठी माणसं खेटे घालत राहिली. उलट, परवानगीची कटकट नको म्हणून मालकांनी कायम माणसं घेणंच टाळलं आणि कंत्राटी कामगार वाढवले, ही मालकवर्गाची नेहमीची तक्रार आहे. तिच्यात तथ्य आहे. ते नाकारून कामगारांची बाजू भक्कम होत नाही.

मग उदारीकरणानंतर स्वेच्छानिवृत्ती आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, चिंचवडला, मुलुंडला कारखान्यांच्या फलकावर योजना लागत आणि मुदतीच्या आत अर्ज भरायचा असे. पाच लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त. ती हाती आली की घरी बसून हिशेब व्हायचा. 1990 च्या दशकाच्या मध्यात मुदतठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, म्हणजे पाच लाखांवर महिन्याला पाच हजार. मुलांची शिक्षणं होईपर्यंत निभेल असं वाटे. 2003 पर्यंत व्याजदर सहा टक्क्यांच्या घरात आले. मुद्दल तेच, घरात येणारे पैसे निम्मे, आणि माणूस पन्नाशीचा. योजना जाहीर झाली त्या दिवशी ती न्याय्य दिसत होती. सात-आठ वर्षांनी काय होईल ही जोखीम मात्र सगळी त्या घराने उचलली होती, कंपनीने नाही.

आता आयटी. जुलै 2025 मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात, लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यांत प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा 48 हजार कोटींच्या वर होता. बुडणाऱ्या कंपनीने काही माणसं कमी करून बाकीच्यांच्या नोकऱ्या वाचवणं मला समजतं. नफ्यातल्या कंपनीने वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तुमचं कौशल्य आता जुळत नाही असं सांगणं मला पटत नाही, कारण त्या वीस वर्षांत त्याला कुठल्या प्रोजेक्टवर ठेवायचं हे प्रामुख्याने कंपनीच ठरवत होती. त्याआधी, जूनमध्ये, तिथे वर्षाला किमान 225 दिवस क्लायंटच्या कामावर आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, जास्तीत जास्त 35 दिवस, असा नियम झाला होता. गिरणीच्या फाटकावर सकाळी उभा राहून आत घेतात का याची वाट पाहणारा बदली कामगार आठवतो. पगाराचा फरक प्रचंड आहे, पण जागेची खात्री दोघांनाही सारखीच.

सरकारी परवानगीचं कायद्यातलं प्रकरण कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरतं असल्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीला ते लागूच होत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली, तरी इथे फरक पडत नाही. अभियंता कायद्याने कामगार ठरतो का, यावरच वाद. म्हणून या क्षेत्रात कपात बहुतेकदा राजीनाम्याच्या रूपाने होते. मीटिंगचं बोलावणं येतं. स्वतःहून राजीनामा दिलात तर काही महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. नाही दिलात तर टर्मिनेशन, आणि ते पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये दिसणार. गृहकर्जाचा हप्ता असलेला माणूस किती वेळ विचार करणार? 1953 च्या दुरुस्तीने कपातीची सूचना सरकारला देणं बंधनकारक केलं. राजीनाम्याची सूचना कोणालाच द्यावी लागत नाही. निर्णय कंपनीचा, सही नोकराची.

जगात हे वेगळ्या रीतीने होतं. युरोपात मोठ्या कपातीआधी कामगारांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत 1975 पासून बंधनकारक आहे. जपानी न्यायालयं कपात खरंच गरजेची होती का, ती टाळायचे प्रयत्न झाले का, माणसं कशी निवडली आणि त्यांच्याशी बोलणं झालं का, हे तपासतात. 1950 मध्ये टोयोटा डबघाईला आली आणि माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी स्वतःचं पद सोडलं. नोकऱ्या तरीही गेल्याच. पण निर्णयाची झळ आधी निर्णय घेणाऱ्याला बसली.

आपल्याकडे सुरुवात राजीनाम्यांपासून करता येईल. एका कंपनीत ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येच्या वर असे राजीनामे झाले तर ती कपातच धरावी आणि तिची यादी कामगार आयुक्तांकडे जावी. पहिला राजीनामा मागण्याआधी कंपनीने वरच्या पगारांना किती कात्री लावली आणि किती जणांना नवं काम शिकवून पाहिलं, हे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर कागदावर मांडावं. त्यासाठी आयटीत प्रतिनिधी निवडावे लागतील, संघटना उभ्या राहाव्या लागतील. पुण्याच्या आयटी पट्ट्यातल्या, हिंजवडीतल्या ज्या तरुणांना संघटना हे जुन्या गिरण्यांचं खूळ वाटतं, त्यांच्याशी हे बोलणं आधी व्हायला हवं.